उसनी आठवण

खोरोगच्या रेडिओ केंद्रातला कॉम्प्युटर
जागा व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा.
तेवढ्यात माझा शीरचाय उकळून व्हायचा,
मीठ घालून, लोणी घालून, नान बुडवून खाऊनही व्हायचं,
गुंट नदीला आज कुठवर बर्फ धरलाय
ते खिडकीतून बघून व्हायचं,
आणि पडद्यावर ते निळं कडं
आपलं फिरतंच आहे.

"म्हातारा झालाय," मी म्हणायची.
"कोण?" फितींच्या कपाटामागून शोगुनबेक विचारायचे.

चाळीस वर्षं त्या फिती त्यांनी सांभाळल्या.
लग्नातली गाणी, मयतातली गाणी, जर्दाळूचे भाव,
कुणीतरी खोकला आवरत वाचलेलं हवामान.
मी एकेक फीत चालवते, मशीनमध्ये उतरवते,
मशीनमधून लाल पेन ड्राइव्हवर.
शोगुनबेकना हल्ली शब्द सापडत नाहीत.
"झाकण" म्हणायचं असतं,
हात नुसता हवेत गोल गोल फिरतो.
मी झाकण देते.

बाजारातल्या किमतशोनं एक काळा पेन ड्राइव्ह दिला.
"हा लावूनच ठेव. यात तू काही ठेवायचं नाहीस,
याची जागा मशीनला वापरू दे.
सारखं सारखं लागतं ते इथे हाताशी राहील,
दर वेळी तळघर उतरायला नको."
"आणि काढला तर?"
"हरवत काही नाही. मंदावतं.
फक्त दुसऱ्या कुणाला तो वाचता यायचा नाही."

अकराची सात मिनिटं झाली.
सात म्हणजे फार काही नाही,
पण पहिला घोट तरी गरम असताना
मी माऊस हातात धरायला लागले.

फेब्रुवारीत शोगुनबेक दुशान्बेला निघाले.
जीपमध्ये दोन दिवस, गुडघे छातीशी,
मांडीवर तुतीच्या सुकवलेल्या फळांची पिशवी.
भाचीला तिच्या आईचा आवाज द्यायचा होता.
बहीण गेली तेव्हा ही पोर दीड वर्षाची,
आणि एका फितीत बहिणीचं एक गाणं होतं, पावणेतीन मिनिटांचं.
पहाटे वीज नव्हती.
त्यांनी चाचपडत मशीनच्या मागून काढला तो काळा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला.
"एकच फाइल आहे, गुल्सिफात. भली मोठी.
उघडत नाही. सगळे पाहुणे जमलेत."
मागे कपबश्यांचा आवाज, कुणाचं तरी बाळ.
लाल ड्राइव्ह माझ्या समोर टेबलावर होता
आणि खोरोगमध्ये तेव्हाही अंधार.
वाजवणार कशावर?

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
आणि मग ते स्वतःच गायला लागले,
चाळीस वर्षांत कधी माइकसमोर न बसलेले शोगुनबेक,
घोगरे, बहिणीच्या सुरापासून दोन वाड्या लांब.
पहिलं कडवं गेलं. दुसरंही गेलं.
तिसऱ्यात थांबले.
मला इथून त्यांचा हात दिसला,
हवेत गोल, गोल.

मी ती फीत नऊ वेळा ऐकली होती,
खरखर काढायची म्हणून.
मी फोनमध्ये हळूच शब्द सरकवला, एकच.
त्यांनी तो घेतला आणि पुढे गेले,
जसा काही त्यांचाच होता.
आणखी दोनदा दिला. कुणाला कळलं नसावं.
शेवटी भाची काहीतरी म्हणाली,
ते मला ऐकू आलं नाही, फोन ठेवला गेला.

लाल ड्राइव्ह दुसऱ्या जीपनं पाठवला, ड्रायव्हरच्या खिशात.
काळा आठवड्यानं परत आला,
चिकट, तुतीच्या कणांनी माखलेला.
पुसून मशीनला लावला.
आज कडं किती फिरलं ते मी मोजलं नाही.
काळ्याच्या टोकाला एक बारीक दिवा आहे,
तो दोनदा लुकलुकला
आणि कामाला लागला.