जिंतूर, नववी ब

फळ्यावर बंदर काढलं. तीन गलबतं.
समुद्र कुणीच पाहिलेला नाही,
म्हटलं, येलदरीचं धरण समजा,
फक्त पल्याड काठ नाही.
चहाच्या पेट्या. राजा पार तिकडं,
कर मात्र इथल्या घोटावर.
द्वारका म्हणाली, आमचा पणजा
करोडगिरी नाक्यावरून मीठ आणायचा,
पटक्यात लपवून.
हो, म्हटलं, तेच. म्हणजे जवळपास.

मग रात्र झाली. लोक आले,
तोंडाला काजळी, डोक्यात पिसं,
तिथल्या मूळ रहिवाशांचं सोंग घेऊन

मागच्या बाकावरून अश्रोबा उठला.
रायरंदाचं पोर. बाप फौजदार होऊन
गावोगाव दम देतो,
बाया हसत सुपातून ज्वारी घालतात.
एकदा खऱ्या फौजदारानं
त्याला स्टँडवरच तुडवला होता.

"सर, ज्यांचं सोंग घेतलं
ते कुठं होते त्या राती?"

पुस्तक चाळलं.
चहाचं वजन होतं. किंमत होती, पौंडात.
बंदर किती महिने बंद, तेही.

"अन् सोंग उतरल्यावर
त्यांना काय देलं?"

घंटेला अजून नऊ मिनिटं.
खडू बोटांत फिरवत राहिलो.
'बस' म्हणालो नाही.
तो उभाच.