पाचशे मीटर

अठरा तारखेला शाळेच्या पडवीत सुनावणी झाली.
मी ढिवर संस्थेचा सचिव, अक्षर बरं म्हणून;
इतिवृत्त माझ्या हातचं आहे,
चुकलंमाकलं ते माझं.

साहेबांनी फळ्यावर नकाशा लावला.
त्यात खैरीडोहचं धरण एक काळी रेघ,
रेघेमागं सगळं निळं, सपाट,
दौत कलंडावी आणि कुणी पुसू नये तसं.
रेघेपासून पाचशे मीटर
डोंगा नाही, जाळं नाही, गरीसुद्धा नाही.
तुमच्याच जिवासाठी, म्हणाले.

हे खोटं नाही. मी लिहून घेतलं.
तीन वर्षांमागं पहाटे साडेतीनला दारं उघडली
तेव्हा मनिराम वलथरेचा पोरगा जाळं उचलत होता.
डोंगा तिसऱ्या दिवशी खालच्या पुलाला अडकलेला सापडला,
पोरगा पाचव्या.
भोंगा वाजलाच नव्हता.
मागाहून शिडी लावून पाहिलं तर
भोंग्यात साळुंकीचं घरटं,
काड्या, दोऱ्याचे तुकडे, आमच्याच जाळ्याचे.

मनिराम उठला. टोपी काढली, पुन्हा घातली.
"भोंगा दुरुस्त करा ना जी.
पानी काहून बंद करता?"
आणि बसला. एवढंच त्याचं निवेदन.

मग दुर्पता पचारे थेट फळ्यापाशी गेली.
बोटाला मासोळीचं खवलं चिकटलेलं,
ते बोट निळ्यावर टेकवलं.
"हे का व्हय?"
"पाणी, बाई."
"पानी त व्हय. पान्याखाली का हाय?"

नकाशाला ते ठाऊक नव्हतं.
आम्हाला विचारा. पाण्यावर आम्ही अजून गावाचीच नावं घेतो:
आज कुठं टाकलं? शाळेत.
अन् तू? पाटलाच्या विहिरीवर, चार किलो डाडक.
मरळ मातामायच्या चौथऱ्याला धरून असते,
शिंगूर कोंडवाड्याच्या दगडांत,
आणि दुर्पताच्या चुलीवर, ती सांगते,
उन्हाळा सरता सरता बोटरीचा थवा येतो
बरोबर जेवणवेळेला.
सगळं गाव त्या पाचशे मीटरांत आहे,
शेवटचं घर मोजून चारशे ऐंशीवर.

"पह्यले घरातून उठवलं,
आता घरावरून उठवता?"

साहेबांच्या लेखनिकानं लिहिलं: महिलांनी भावना व्यक्त केल्या.
मी पूर्ण वाक्य लिहिलं.
जागा पुरेना म्हणून समासात, आडवं.

विरोधात हात: एकशे त्रेचाळीस.
(चौथीतल्या एकानं दोन्ही केले, एकच धरला.
मग कुणी म्हणालं तोही धरू नका, धरला.)
तेवढ्यात पोरं बाहेरून धावत आली:
जीपमध्ये पाट्या आहेत,
'प्रवेश निषिद्ध', रंग वाळलेला,
खाली तारीख दहा.

पुढल्या आठवड्यात नारंगी डब्यांची रांग पडली पाण्यावर.
तिच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात,
अर्धे इकडं तोंड करून, अर्धे तिकडं.
डोंगे कुठं जातात ते मी इतिवृत्तात लिहिणार नाही.

एवढं लिहितो:
भिंतीवर चौकीदाराची बॅटरी हलली की
मनिराम काठावर तेलाचा रिकामा पिंप बडवतो,
लाकडी मोगरीनं, सारखा,
दारं पूर्ण उघडेपर्यंत.
कुत्री उठतात, लेकरं उठतात,
पाण्यावर कुणी असलंच तर तेही काठाला लागतं.
संस्थेनं त्याला महिना तीनशे मानधन ठरवलं.
त्यानं ते नाकारलं.
पिंप मात्र नवा मागितला,
जुना फुटत आलाय.