लाईट गेली तेव्हा

छातीत भाला रुतलेला सेनापती
साडेसात मिनिटं गात होता.
मी मोजली नव्हती. नान्नांनी मोजली,
रंगमंचावरून सांडणाऱ्या उजेडात
मनगट तिरकं धरून.

मध्यंतराआधीच आम्ही बाहेर.
स्मृती मंदिराच्या पायरीवर चप्पल आपटत म्हणाले,
धागा तुटला की माग थांबतो.
थांबायलाच पाहिजे, नाहीतर कापड वाया.
इथं अख्खा माणूस तुटलाय, आणि आलाप घेतोय.
एंदुकु?
तेलुगूत विचारलं म्हणजे उत्तर नको असायचं.

आमच्या बोळात या विषयावर एकमत कधीच नव्हतं.
मल्लिनाथ हत्तुरे बाळीवेशीतून सायकल मारत यायचा
तिसऱ्या अंकातल्या एका पदासाठी,
वन्स मोअर ओरडून घसा बसवून घ्यायचा.
नाटकाची गोष्ट विचारली तर म्हणायचा,
गोष्ट काय, घरी आहेच की.
अनसूयाक्कांना सिनेमाच लागायचा.
गाणं थेटरातून पाठ करून आणायच्या
आणि त्यावर विड्या वळायच्या,
कडव्याला सात, ध्रुवपदाला तीन.
पण नायिकेनं एका गाण्यात पाच साड्या बदलल्या
हे आठवलं की सुपावरचा हात थांबे:
धुणार कोण गं, तुझी सासू?
आणि आमचा थोरला, यादगिरी,
पहिला सूर लागला की उठून
पानटपरीशी जाऊन उभा राहायचा.
शंभर पिक्चरच्या गोष्टी त्याला येतात,
गाणं एकही नाही.

मे महिना. साखर पेठेतली शेड.
चोवीस माग एकदम चालले की तिथं
शब्द तोंडातून निघतो आणि पोचत नाही.
कामगार ओठ वाचतात.
दोन बोटं म्हणजे चहा,
मानेवर हात म्हणजे मालक आला.
मी डबा घेऊन दारात उभा,
कडक भाकरी, शेंगाची चटणी,
आणि हाक मारून उपयोग नाही म्हणून
नुसताच उभा.

लाईट गेली.

चोवीस माग एका श्वासात गप्प.
धोटे जिथल्या तिथं, ताण्यात अडकून.
आणि त्या शांततेत, सहाव्या मागापाशी,
उघड्या अंगाचा, डोळे मिटलेला एक माणूस
सेनापतीचं पद गात होता.
पूर्ण गळ्यानं, वरच्या षड्जावर.
एकदाच ऐकलेलं, तेही घड्याळात बघत.
शब्द चुकत होते, सूर जवळपास बरोबर.

दोन ओळी तसाच गेला.
मग त्याला स्वतःला ऐकू आलं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
इस्माईलभाईंनी तंबाखू मळायला घेतली,
एकानं छताकडे पाहिलं, जणू सगळी चूक पंख्याची.
नान्ना खाली वाकले
आणि न तुटलेला धागा
शोधत राहिले.

मी डबा उंबऱ्यावर ठेवून पळालो.
रात्री ते जेवले, अंगणात बाज टाकून झोपले.
त्यावर बोलणं झालं नाही,
त्या वर्षी नाही, नंतरही नाही.
शेडमध्ये आता सिमेंटच्या गोणी असतात.

मी नाटकाला जातो अजून.
गद्य संपत आलं की आधीच कळतं:
पेटीवाल्याचं बोट पट्टीवर येतं,
नट अर्धं पाऊल पुढं सरकतो, छाती भरून घेतो,
आणि माझे कान तापतात.
आवडतं म्हणू की नाही, आजही ठरत नाही.
शेजारची बाई पदराला डोळे लावते.
आमच्याच रांगेतला एकजण नेमका आत्ताच
लघवीला उठतो, सगळ्यांचे पाय तुडवत,
काय हे, मरताना गातात का कोणी, पुटपुटत.

मी गुडघे बाजूला घेतो.
जाऊ दे त्याला.
त्यानंही कधीतरी, कुठल्या तरी दारात
डबा घेऊन उभं राहून
लाईट गेलेली पाहिली असेल.