घसारा

विम्याच्या सर्व्हेअरला चहा विचारतात
तो बहुधा अपघातानंतर.
डॉक्टर सुहासिनी बिवलकरांनी आधीच विचारला.
मीही नको म्हणालो नाही.

एरंडवण्यात, इमारतीच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली
ती उभी होती. दोन दारांची, लांब नाकाची.
रंग कागदावर शँपेन,
उजेडात उसाच्या रसाचा, थोडा वेळ ठेवलेल्या.
शहात्तरचं मॉडेल. एक्क्याऐंशीत दिल्लीला लिलावात घेतलेलं,
कुठल्याशा वकिलातीचा साहेब बदलून गेला तेव्हा.

माझ्या फॉर्ममागे घसाऱ्याचा तक्ता छापलेला असतो.
सहा महिने, पाच टक्के. पाच वर्षं, निम्मी.
पुढे तक्ता गप्प.
एकोणपन्नास वर्षांच्या गाडीपुढे
मी पेन कानामागे खोचलं
आणि विचारलं, “तुमचा अंदाज?”

त्यांनी फाइल आणली. मग आणखी तीन.
नाना पेठेतल्या इलियास मिस्त्रीची बिलं,
आधी वहीच्या फाडलेल्या पानांवर, मग छापील, मग जीएसटीसकट.
काचेभोवतीचं रबर, जर्मनीहून, अकरा हजार,
वर कस्टमचे साडेसहा,
कारण अधिकाऱ्याला ते रबर चैनीचं वाटलं.
फुलेनगरला पुन्हा पासिंग, पर्यावरण कर,
एजंटाचा कर वेगळा, त्याची पावती नसते.
पेट्रोलात आता इथेनॉल, ते नळ्या खातं,
म्हणून दर मे महिन्यात नव्या नळ्या.
लिटरला पाच. चांदणी चौकातून उतरताना सहा.

बेरीज मी दोनदा केली.
एकेचाळीस लाख सत्तर हजार, वर किरकोळ.
बाणेरचा एक हॉटेलवाला अडतीस मोजायला तयार आहे.
इंजिन काढून, बॉनेटवर काच टाकून
त्याला तिचं टेबल करायचंय. सहा जणांचं.
इलियास म्हणतो बावीस, फार तर चोवीस,
पण चालवणाऱ्याला.

“म्हणजे तोटाच की,” मी म्हणालो. तोंडाची सवय.
“कुदळे, तुम्ही भाड्याने राहिलात कधी?”
“राहिलो ना. अकरा वर्षं, गंज पेठेत.”
“ते भाडं तोट्यात धरलंत?”

इमारत पाडून अकरा मजली होणार आहे.
नव्या पार्किंगचा पाळणा पंधरा फुटी,
गाडी पंधरा फूट सात इंच.
बिल्डर म्हणतो, बाई, सात इंचांसाठी?
एकवीस सह्या झाल्यात. बाविसावी ह्यांची.
जिन्यात आता कोणी थांबून बोलत नाही,
दळण आणताना बोलायचे ते राजवाडेसुद्धा.

“चला, बसा. न चालवता कसली किंमत लावता?”
स्टीअरिंग डावीकडे. मी उजवीकडे बसलो,
मालकासारखा, हातात काहीच नाही.
त्या एकोणऐंशीच्या. भूलतज्ज्ञ होत्या,
माणूस कुठल्या आकड्याला झोपतो हे ओळखणाऱ्या.
इंजिनकडे तसाच कान लावून पहिला गिअर टाकला.

“हा चौदा हजारांचा,” नळस्टॉपच्या अलीकडे, वेग उतरवत.
“सायलेन्सर.”
“हा नऊ. त्याच आठवड्यात शेजारी पाच.”
लॉ कॉलेज रस्ता त्या तोंडी म्हणत गेल्या,
गतिरोधक, गटाराचं झाकण, पेव्हर ब्लॉकची कड,
प्रत्येकाची रक्कम, प्रत्येकाचं साल,
पाढा म्हणावा तशा, न अडखळता.
मी लिहीत होतो. मग लिहायचं थांबलो.

भांडारकर रस्त्याला एका जागी
डांबर नवं होतं, पाटावरच्या पुरणासारखं सपाट.
तिथे त्यांनी गाडी हळू केली,
पार कडेला घेतली.
मागचा रिक्षावाला हॉर्नवर बसला.

“इथे काय आहे?”

“काही नाही. एक्सल. सदतीस हजार, ब्याण्णव साली.
बुजवलाय कधीच,”
म्हणाल्या,
आणि वळसा पूर्ण घातला.