व्हेनिस, डांडिया बाजारातून

अठरा वर्षं मी व्हेनिस विकते.
डांडिया बाजारात, पहिल्या मजल्यावर;
खाली फाफड्याची लारी, वर मी आणि नकाशा.
फणसेकाकांना सांगते : पूल चारशेच्या वर,
सगळ्यांना पायऱ्या, गुडघ्याचा पट्टा घ्या.
कबुतरांना दाणे टाकू नका, दंड होतो.
शौचालयाला दीड युरो, सुटे ठेवा.

इतिहासही सांगते, पाच मिनिटांत, फुकट :
घोडेस्वारांना भिऊन पळालेली माणसं
दलदलीत शिरली, कारण घोडे तिथे येत नाहीत.
चिखलात लाकडं ठोकली, उभी, लाखोंनी,
आणि वर संगमरवर ठेवला.
हवा लागत नाही म्हणून ते कुजत नाही.
(इथे काका हमखास म्हणतात,
"आपल्याकडे दोन वर्षांत वाळवी लागली असती.")
पुढे पैसा आला, तेव्हा त्यांनी
घोडेच आणले. चार. तांब्याचे. लुटून.
चर्चच्या माथ्यावर उभे केले.

मी गेलेले नाही.
एकदा राजवाड्याच्या दरबारात
फरशीकडे बघत राहिले.
तिकडच्या कारागिरांनी बसवली म्हणतात,
नखाएवढे तुकडे.
चप्पल बाहेर होती, तळव्यांना गार लागलं.
पहारेकरी म्हणाला, "बेन, आगळ चालो."

मग त्या ऑगस्टात विश्वामित्री वर आली.
तिसऱ्या दिवशी समोरच्या शाळेतले बाक
पोरांनी ओळीनं लावले, जिन्यापासून नाक्यापर्यंत,
आणि मी ओळखलं :
पाणी चढलं की त्या चौकात अश्शाच फळ्या टाकतात.
माझ्या पत्रकात, पान सहा.
साडी खोचून, दुधाच्या पिशव्या छातीशी धरून
मी निघाले बाकावरून बाकावर.
"उजवीकडून चला," मागच्या हेमांगिनीला म्हटलं,
"मध्ये फोटोला थांबायचं नाही."
हेही पान सहावरचंच.

शिर्क्यांच्या गॅरेजात मगर होती,
स्कूटरच्या आडोशाला,
वनखात्याच्या माणसांची वाट बघत,
आम्ही बघत होतो तशीच.
त्यांच्याकडे सिंह आहे, पंखांचा, खांबावर.
आमची खालीच असते.

पाणी उतरलं. लारी पुन्हा लागली.
जिन्यात कमरेएवढी तपकिरी रेघ राहिली.
फणसेकाका आगाऊ रक्कम घेऊन आले,
हळूच विचारलं, "तिथे पाण्याचा वास येतो म्हणतात?"
अठरा वर्षं मी "छे" म्हणत आले.
"येतो," म्हटलं.
"नाकाला सवय व्हायला तीन दिवस लागतात.
तुम्ही दोनच रात्री आहात."