रुमालाखाली

मशीन कानात होतं तेवढी पंधरा मिनिटं
सुगंधानं मिरज ऐकली:
पंख्याची किरकिर, दवाखान्याबाहेरचे रिक्षावाले,
शेजारच्या गाळ्यात चाललेलं कुणाचं तरी भांडण,
आणि शेवटी मला. म्हणाली,
"तुमचा आवाज म्हातारा झालाय ओ."

मग मशीन परत डबीत गेलं,
डबी पिशवीत,
आणि मी कार्ड पुढं केलं.
एकदा. सदऱ्याला पुसून पुन्हा एकदा.
"घेत नाही, आण्णा," दुकानदार हळू म्हणाला,
बायकोसमोर माणसाची पत जाऊ नये एवढं हळू.
गरज नव्हती.
ती हसत होती, पिशवीकडं बघत.

मी बाबगोंडा मगदूम.
छत्तीस वर्षं हळदीच्या अडतीत दिवाणजी.
सांगलीच्या यार्डात माझ्या वहीतली
एक खाडाखोड कुणी दाखवावी.
कार्डाचं बिल चार तारखेचं, मी एकला भरतो.
अकरा वर्षांत व्याज शून्य, दंड शून्य.
मर्यादा एक लाख ऐंशी हजार होती.
होती, हे त्या काउंटरवर कळलं.

"न्या की ओ, पैसे कुठं पळून जात्यात?"
"उधारी मी करत नाही," मी म्हणालो,
आणि हातातल्या कार्डाकडं बघून
माझा मीच ओशाळलो.

स्टँडवर, पाऊण तासाच्या बासरीनंतर
फोनवर एक मुलगी आली.
आपण आमचे मौल्यवान ग्राहक आहात.
मग वीस हजारच का?
अंतर्गत आढावा, सर.
माझं चुकलं काय?
काहीच नाही, सर. रेकॉर्ड उत्तम आहे.
तिच्यामागं कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.
कळवलं का नाही?
तिसरीला ती म्हणाली, एक मिनिट हं काका,
आणि गॅस बंद करून आली.
त्या एका 'काका'साठी मी तिला माफ केलं.
कंपनीला नाही.

जावई म्हणतो, मामा, वेळेवर भरता तेच चुकतंय.
तुमच्यात त्यांना सुटतं काय?

आमच्या अडतीत भाव रुमालाखाली ठरायचा.
वर चेहरे कोरडे, खाली बोटं.
नवख्याला वाटायचं, काहीतरी लपवाछपवी.
पण लपवायलासुद्धा दोन हात लागायचे.
भाव पडला की आधी माझ्या बोटांना कळायचं,
समोरच्याचा तळवा घामेजलाय, तेही.
नाही पटलं तर हात काढून घ्यावा.
यांनी रुमाल टाकला कुठं, कुठल्या गावात?
खाली कुणी कुणाची बोटं दाबली?
माझा हात तर इथं होता,
रिकामी पिशवी धरून.

परतीच्या बसमध्ये ती विचारत राहिली, डबी कुठाय?
ओरडून सांगण्यासारखं नव्हतं.
मी तिच्या पदराचं टोक
दोघांच्या हातांवर ओढलं
आणि बोटं धरली. आधी जुना आकडा, मग नवा.
लग्नाच्या पहिल्या वर्षी गंमत म्हणून शिकवलं होतं.
तिनं डोळे मिटले, बोटं जुळवली,
आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली,
"वीसच?"
कंडक्टर वळला.
मागनं कुणीतरी विचारलं,
"हळदीचा काय ओ?"

सोमवारी रोख नेऊन मशीन आणलं.
चव्वेचाळीस हजार, दोनदा मोजून.
दुकानदार मोजायला तयारच नव्हता.

काल एक तारीख.
तीनशे चाळीस रुपये, स्कूटरच्या पेट्रोलचे.
ओसरीवर बसून भरले.
"तीन दिवस आहेत की अजून," सुगंधा आतनं म्हणाली.
फोनच्या बटणांची टिकटिक
तिला चुलीपाशी ऐकू गेली होती.