खिळा

शेडच्या दाराशी, उजव्या अंगाला, एक खिळा आहे.
बोटभर लांब, होडीला मारतात तसला.
मी धरला, इनासने ठोकला, डाव्या हाताने.
उजवा त्याला नव्हता.
मी डोळे मिटले होते. तो म्हणाला,
"डोळे उघड. मिटल्या डोळ्यांनी यंत्राजवळ कुणी जात नाही."

सोसायटीचा ट्रॅक्टर चोडणला आला फेरीबोटीतून,
बॉनेटवर झेंडूचा हार घालून.
तेव्हा शाफ्टवर झाकण होतं, पिवळं.
ग्रीस भरताना आड येतं म्हणून कुणीतरी काढलं.
पुढे त्यात कुणीतरी पुदिना लावला.
चांगला फोफावला.

इनास त्या दिवसाचं फारसं बोलत नसे.
एवढंच, की बाही ओली होती, कफाचं बटण तुटलेलं,
पिदाद दोनदा म्हणाली होती, थांब, लावून देते.
मिनिटाला पाचशेचाळीस फेरे.
'सायबा' म्हणायला तोंड उघडावं
तोवर चार झालेले असतात.
नंतर तिने त्याच्या सगळ्या शर्टांना बटणं लावली,
रिकामी बाही खांद्याशी दुमडून
तिलासुद्धा एक.

आज वायंगणाची नांगरणी. मदतीला सगुण आलाय.
एकोणीस वर्षांचा. गळ्यात साखळी, कानांतून वायर,
खांद्यावर टॉवेल, तोही फेस्तातल्या पताकेसारखा सोडलेला.
"लटकव," मी म्हणते.
तो हसतो. "चपला पण काढू काय? देऊळ आहे?"
मी आधी माझी ओढणी अडकवते.
सतरा वर्षं अडकवते आहे.
पहिल्या वर्षी मेरेवर बसणाऱ्यांना
ओढणी नसलेली बाई दिसली.
दुसऱ्या वर्षापासून त्यांना नांगरट दिसते.

चढावर मी ट्रॅक्टर मागे घेत नेते, तोंड खाली ठेवून.
सगुणला गंमत वाटते.
इनास म्हणायचा, बैल चिखलात अडला की बसून घेतो,
हा अडला की उभा राहतो,
आणि उभा राहिला की तुझ्यावर झोपतो.
सगुण आता गप्प.
"मडगार्डवर बसू?"
नाही.
"थोडंच अंतर."
थोडंच अंतर चालायला पाय दिलेत देवाने.

मानशीजवळच्या कोपऱ्यात रोटाव्हेटरात गवत गुरफटलं.
पाती थांबल्यासारखी दिसली.
सगुणने मेरेवरून उडी मारली, वाकला,
हात पुढे केला,
घरच्या मांजराच्या तोंडातला काटा काढावा
इतक्या मायेने.

मी ओरडले नाही.
ओरडलं की माणूस आधी वळून बघतो
आणि हात तिथेच राहतो.
इंजिन बंद केलं.
गवताचा पीळ सुटला, आणि पाती आणखी अर्धा फेरा फिरली,
सावकाश,
कुणी झोपेत कूस बदलावी तशी.

बगळे परत येऊन बसले.
त्याचा हात अजून हवेतच होता,
पातीपासून वीतभर. वीतसुद्धा नसेल.
मी रोटाव्हेटर जमिनीला टेकवला,
किल्ली काढून खिशात घातली,
झावळीचा पिडा त्याच्या हातात दिला.
"याने काढ. हा तुटला तर माड दुसरा देतो."

दुपारी पेज जेवताना तो बोलला नाही.
उजव्या हाताने लोणच्याची फोड उचलायचा,
परत ठेवायचा, परत उचलायचा.

संध्याकाळी शेडमध्ये परतलो.
त्याने टॉवेल घेतला, साखळी घेतली,
वायर गुंडाळून खिशात टाकली.
निघाला, आणि दारातून परत आला.
मनगट पुढे करून उभा राहिला.
कफ उघडा, दोऱ्याचं टोक लोंबतंय.

"सुई आहे काय गो?"

आहे.
टूलबॉक्समध्ये, चौदा नंबरच्या पान्याखाली,
पिदादने दिलेल्या डबीत.
बटण मात्र तुझ्या रंगाचं मिळायचं नाही.